धुतलेला पोचा

विम्याचा सर्व्हेअर अकराला येणार होता, म्हणून लाँड्रीवाली साडेआठलाच गॅरेजमध्ये पोचली आणि तिनं गाडी धुतली.

कुणी सांगितलं नव्हतं. पण तीस वर्षं परक्यांचे डाग काढून काढून तिच्या हातांना मळलेलं बघवेनासं झालं होतं. गॅरेजच्या नळावर बादली भरली, घरून आणलेला साबण फेसला, आणि डाव्या दाराच्या पोच्यापाशी आल्यावर तिचा हात आपोआप हलका झाला. पडून आलेल्या पोराचा गुडघा पुसावा तसा तिनं तो पोचा पुसला. काठाला निळा रंग घासला गेला होता. डाग काढायचं औषध तिच्या पिशवीत कायमचंच असे. दोन बोळ्यांत निळं गेलं, पांढरं दार पांढरं झालं.

चार दिवसांपूर्वी गाडी हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी उभी होती. धुतलेल्या चादरींची गाठोडी घेऊन ती आत गेली होती, नवरा स्टिअरिंगवर बसला होता. एक निळा टेम्पो मागे येता येता दारावर आदळला आणि आला तसा निघून गेला. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही. नवऱ्यानं त्या दिवसापासून किल्लीला हात लावला नव्हता. आपलंच काहीतरी चुकलं असेल, गाडीच सरकली असेल, एवढंच तो म्हणे, आणि जेवताना ताटातलं चिवडत बसे. आणि ती, एक दाबा, तीन दाबा करत, विमा कंपनीच्या फोनवरची बासरी ऐकत होती. ती बासरी आता तिला कपडे पिळतानाही ऐकू येई.

सर्व्हेअर आला. पोरसवदाच होता, पण फाइल म्हाताऱ्याची असावी तशी जाड. त्यानं दाराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि टेम्पोचा रंग कुठाय म्हणून विचारलं.

"काढला ना मी," ती म्हणाली. आवाजात थोडा अभिमानही होता. "डाग राहिलेला दिसला कुठं?"

गॅरेजचे मालक पत्रेकाका ठोकाठोकी थांबवून कपाळाला हात लावून उभे राहिले. अपघातातली गाडी सर्व्हेअरनं पाहीपर्यंत पुसायचीसुद्धा नसते, हे गॅरेजमधल्या मांजरालाही ठाऊक होतं.

सर्व्हेअरला आवाज चढवायची गरज पडली नाही. तो मऊ बोलत गेला. पुरावाच गेला, बाई. टेम्पो होता कशावरून? अपघातानंतर गाडी इतकी चकचकीत कोण ठेवतं? वरचे लोक म्हणणार, काहीतरी लपवलंय. मग त्यानं फाइलमधून एक छापील कागद काढला. एक सोपा रस्ता होता. चालकाच्या चुकीनं गाडी भिंतीला घासली, असं लिहून खाली सही करायची. टेम्पो नाही, चौकशी नाही, क्लेम आठवड्यात मंजूर.

पत्रेकाका हळूच म्हणाले, सगळे असंच करतात, करून टाका. कंपनीची कामं त्यांच्याकडे येत. त्यांना कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

नवरा कोपऱ्यातल्या जुन्या टायरवर बसला होता. तिथूनच म्हणाला, "लिही गं. मीच घासली म्हणून लिही. गाडी तरी सुटेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सर्व्हेअरवरचा राग सोसण्यासारखा होता; नवऱ्यावरचा हा नव्हता. चार दिवस हा माणूस स्वतःला पिळतोय, आणि आता त्याला छापील कागदावर वाळत घालायचं?

"कुठली भिंत?" तिनं सर्व्हेअरला विचारलं. "पत्ता सांगा तिचा. जाऊन माफी मागून येते."

"बाई, ही फक्त पद्धत आहे."

"तुमची असेल. जखम झाली की माणूस आधी धुतो, ही माझी. गाडी मी धुतली. चूक माझी. ती मी लिहून देते, ठळक अक्षरांत. यांची चूक नाही, ती लिहून देणार नाही. क्लेम नाकारायचा तर नाकारा. पण काय कारणानं नाकारला ते लिहा, आणि खाली तुमची सही करा."

तिनं छापील कागद उलटा केला आणि बॉनेटवर ठेवून लिहायला घेतलं. तिच्या बोटांना साबणाच्या भेगा होत्या. घामानं कागद ठिकठिकाणी ओलावला. तरी तिनं एकही ओळ खोडली नाही.

मग पत्रेकाकांनी घसा खाकरला. कुणाकडे न बघता ते दारापाशी वाकले आणि पत्र्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "साहेब, चालती गाडी भिंतीला घासली की लांब ओरखडे पडतात. साबणानं ते जात नाहीत, औषधानंही नाही. इथं एक तरी दाखवा. पत्रा सरळ आत गेलाय. गाडी उभी होती."

सर्व्हेअरनं स्वतःही पत्र्यावरून अंगठा फिरवून पाहिला. फोटो काढले, पत्रेकाकांचं म्हणणं उतरवून घेतलं, तिचा ओला कागद फाइलमध्ये घातला. वरचे ठरवतील, एवढंच बोलून गेला. मंजूर म्हणाला नाही, नामंजूरही म्हणाला नाही.

चादरी तर पोचवायच्याच होत्या. दोघं सकाळी बरोबर आणलेली गाठोडी डोक्यावर घेऊन रस्त्यानं निघाली. ती पुढे, रागानं भराभर, तो मागे. सिग्नलपाशी तो तिच्या बरोबरीला आला.

"हँडब्रेक ओढलेला होता गं," तो म्हणाला. "मला पक्कं आठवतंय. मी ओढला होता."

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याची मान ताठ होती.

"मग तिथं तोंडात गुळणी धरून का बसला होतात?" ती कडाडली, आणि सिग्नल सुटेपर्यंत रस्त्यातच त्याला बोल बोल बोलली.