काचेवरची विभूती

मी लातूरच्या एमआयडीसीतला मोजमाप करणारा कॅमेरा बोलतोय. फोटोबिटो काढणं माझं काम नाही, आधीच सांगून ठेवतो. लग्नाबिग्नात मला कुणी बोलावू नये.

राजशेखर मालकांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पोलादी पिना तयार होतात. काचेखालून दिवा लागतो, काचेवर पिन ठेवतात आणि मला दिसते फक्त तिची सावली. उजेड संपून काळं सुरू होतं, ती तिची कड. या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजायचं, झालं. पण पिनेला तेल किंवा बारीक कीस चिकटला असेल, तर मी त्यालाच कड समजतो. म्हणून मला चालवणारी बिलोलीची विशाखा प्रत्येक पिन पुसूनच ठेवते. तिच्यावर माझा फार जीव आहे.

यंदा खंडेनवमीला मालकांच्या आई, बसम्मा, पूजेला आल्या. लेथला, ड्रिलला त्यांनी विभूतीची तीन बोटं ओढली. माझं कपाळ काही त्यांना सापडेना. शेवटी जिथून उजेड येतो तेच तोंड असं ठरवून त्यांनी ओली विभूती काचेवरच ओढली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दसऱ्याची सुट्टी संपली आणि पंचाईत झाली. विशाखाला काचेवरचे पट्टे दिसत होते, पण मालकांच्या आईच्या हातची विभूती पुसणार कोण? उजेड तर येतोय, असं म्हणून तिने काम सुरू केलं. मला मात्र सगळं करडं दिसत होतं. पिन कुठे संपते तेच कळेना. लेथवरच्या आनंदराजच्या पिना एकामागून एक बाद झाल्या.

"सगळा माल भंगारात घाला," मालक तडकले. "आनंदराज, उद्यापासून तू लेथला हात लावू नको."

"सायेब, मायक्रोमीटरनं बरोबर येऊन राहिलंय. बाद कसं हुईल?"

"माल घेणाऱ्या कंपनीला कॅमेऱ्याचाच रिपोर्ट लागतो."

आनंदराजचा उतरलेला आवाज ऐकून मला लई वाईट वाटलं.

विशाखाने बाद झालेली एक पिन उचलली आणि काचेच्या कोऱ्या कोपऱ्यात ठेवली. माप बरोबर! परत मधे ठेवली, चूक. तिने बसम्मांनाच बोलावून आणलं.

"आजी, विभूतीमुळं याला दिसंना झालंय. तुम्हीच पुसा."

"अय्यो शिवा! याच्या डोळ्यातच घातली का मी?" बसम्मांनी पदर पुढे केला.

"पदर नको आजी, धागा राहील." विशाखाने मऊ फडकं दिलं.

बसम्मांनी हळुवार पुसलं. फडक्यावरची विभूती आपल्या कपाळाला लावली. बाद झालेल्या पिना पुन्हा काचेवर आल्या आणि सगळ्या पास झाल्या.

"लेकरा, माझ्यामुळं तुझ्या कामाला बोल लागला," बसम्मा आनंदराजला म्हणाल्या. मालकांनी मान खाली घातली. "लेथ तुझ्याकडंच राहील," एवढंच म्हणाले.

लोकहो, पुढच्या खंडेनवमीला मला वगळू नका. माझ्या लोखंडी खांबाला हवी तेवढी विभूती फासा. काच तेवढी कोरी ठेवा. तिच्यावर आनंदराजचं काम ठेवायचं असतं.