जळो आणि जाळ

"इथं अंगठा टेकव," वामनराव म्हणाले. फकीर मोहम्मदनं शाईचा अंगठा कागदावर टेकवला आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरला. त्या अंगठ्याच्या वरच्याच ओळीवर वामनरावांची नजर गेली. त्यांनी ती पुन्हा वाचली.

फकीर मोहम्मद खेडोपाडी बांगड्या विकणारा. आत्ताच त्यानं सांगितलं होतं, "हुजूर, मी दारातच व्हतो. सोजराबाई बोल्ली, 'त्याची गंजी जळो.' पुतन्या बाजूलेच उभा व्हता." कागदावर मात्र होतं, 'त्याची गंजी जाळ.'

वामनराव बुलढाण्याच्या कोर्टात बावीस वर्षं साक्षी उतरवत होते. अलीकडे ते पोलिसांनी घेतलेला जबाब शेजारी ठेवत आणि साक्षीदार बोलत असताना त्यावरूनच ओळी उतरवत. काम लवकर उरके. आजही तसंच झालं होतं; त्या जबाबातच 'जाळ' होतं.

भांडण साधं होतं. अमडापूरच्या शालिग्रामचा बैल सोजराबाईच्या मिरचीच्या वाफ्यात शिरला. विधवा बाई, दोन वाफ्यांवर पोट. ती दारात उभी राहून तळतळली. त्याच संध्याकाळी तिचा पुतण्या इंद्रभान यानं शालिग्रामच्या कडब्याची गंजी पेटवली. त्यानं गुन्हा कबूल केला होता. काकूनं त्याला सांगितलं होतं की नाही, एवढंच ठरायचं होतं.

कायदा वामनरावांना पाठ होता. कुणाचं वाईट चिंतणं हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याला 'कर' म्हणून सांगणं ही चिथावणी, आणि चिथावणीला शिक्षा होती.

"वाचून दाखवलं?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान वर न करता विचारलं. साहेब जबलपूरकडचे. त्यांना वऱ्हाडी बोली कळत नसे, ते कागदावरून निकाल देत. मागच्याच आठवड्यात एका खाडाखोडीवरून त्यांनी भर कोर्टात वामनरावांची खरडपट्टी काढली होती.

"होय, हुजूर," वामनराव म्हणाले.

चौथ्या दिवशी निकाल लागला. इंद्रभानला एक वर्ष, सोजराबाईला तीन महिने.

"मी तसं नाई म्हनलं, मायबाप," सोजराबाई म्हणाली.

"साक्षीत लिहिलेलं आहे," साहेब म्हणाले.

तिनं टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं.

वामनरावांनी घरी कुणाला सांगितलं नाही. तुरुंग कचेरीच्या वाटेवर होता. ते तीन महिने लांबच्या रस्त्यानं गेले. ती सुटल्याचं कळलं, त्या रविवारी ते मोटारीनं अमडापूरला गेले.

सोजराबाई वाफ्यात खुरपत होती. तिनं त्यांना ओळखलं, तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"बाई, तुम्ही 'जळो' म्हनलं व्हतं. फकीर मोहम्मदही तसंच बोलला. 'जाळ' मी लिहिलं. मले तवाच दिसलं व्हतं. मी बोललो नाई."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमाले माहीत व्हतं?"

"हो."

"मले वाटे, कागदात हाये म्हनजे मीच म्हनलं असन," ती म्हणाली. "रागात मानसाले शुद्ध राह्यत नाई. तिथं रोज रातच्याले मनाले इचारो, म्हनली का वं तू? इचारता इचारता मलेच आठवू लागलं का मी म्हनली. माह्याच तोंडानं पोराले जेलात धाडलं म्हनलं."

तिनं हातावरची माती झटकली.

"सुटून आल्यावर सगळ्यात आंधी शालिग्रामच्या घरी गेली. त्याच्या बायकोच्या, शालूबाईच्या, पाया पडली. चार बायांदेखत. ते पाया पडनं आता वापस कसं घेऊ, साहेब?"

"मी कोर्टात लिहून देतो," वामनराव म्हणाले. "नोकरी जाईन, तर जाऊ द्या."

"लिहून काय करता?" ती म्हणाली. "गावात सांगा."

चावडीसमोर दहा-बारा माणसं बसली होती. शालिग्राम होता. शालूबाई समोरच्या ओट्यावर ज्वारी पाखडत होती. सोजराबाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीजवळ उभी राहिली. वामनरावांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज पुढच्या दोन माणसांपलीकडे गेला नाही.

"जोरानं बोला, साहेब," पाटील म्हणाले. "मांगच्यायले आयकू येत नाई."

वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आपल्याला दिसलं होतं आणि आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं. पलीकडे शालूबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती उठली, अंगण ओलांडून आली आणि सोजराबाईपुढे वाकू लागली.

सोजराबाईनं तिचे खांदे धरले आणि तिला वाकू दिलं नाही.