नवमीची दाबचाचणी

सुई: ०

यंत्र झोपलं होतं.

चेन्नईत गिंडीच्या लॅबमधलं ते पुरुषभर उंचीचं, हिरवं दाबयंत्र. कपाळावर चंदन, चंदनावर कुंकू, गळ्यात शेवंतीचा हार. पायाशी केळीचं पान, त्यावर चुरमुरे, फुटाणे, गूळ. शेजारी करवत, स्पॅनर, तराजू, अगदी टाइपरायटरसुद्धा ओळीने पूजेला बसलेले.

विद्युलता दारातच थबकली. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत राखेचे तीन ठोकळे होते.

"काल फोनवर तुम्हीच म्हणालात ना, लॅब उघडी आहे?"

"उघडीच आहे की, अम्मा. हे काय, दार सताड उघडे." यंत्र चालवणारे तुकोजी कपाळाचं गंध सावरत म्हणाले. घराणं तंजावूरचं, मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, सूर तमिळ. "पूजा जाहली. प्रसाद घ्यावा."

"प्रसाद नको, यंत्र चालू करा. दहा मिनिटं फक्त!"

"अय्यो! आज यंत्रास हात लावू नये. उद्या विजयादशमी. उद्या सकाळी नऊ वाजता आपणहून उठेल ते."

सुई: ० (अजूनही)

चूक कुठे झाली?

भुसावळात. विद्युलताच्या वडिलांचं तिथे लेथचं वर्कशॉप. यंत्रांना हार दसऱ्याला, सुट्टी दसऱ्याला, नवमीला मात्र ऑर्डरी संपवायची धावपळ. म्हणून जूनमध्ये चेन्नईला आलेल्या या बाईने बोटांवर हिशेब केला होता: दसरा टाळायचा. ठोकळे पुरते पक्के होतात तो अठ्ठाविसावा दिवस बरोबर नवमीला यावा अशा बेताने राख, चुना, जिप्सम कालवलं. कॅलेंडरवर आजचा आकडा लाल होता, पण लाल आकड्यांना ती कधीच भीक घालत नसे. इथे हत्यारं नवमीला झोपतात हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

आणि चाचणी आजच हवी होती! राममूर्तींमुळे.

राममूर्तींच्या श्रीपेरुंबुदूर रस्त्याला चार वीटभट्ट्या. विटांत राख घाला, असा नवा सरकारी हुकूम महिन्याभरापूर्वीच निघाला होता, आणि भट्टीवाल्यांनी तो चहाच्या पेल्याखाली ठेवला होता. राममूर्ती तेवढे म्हणाले, दाखव. चौरस सेंटीमीटरला पंचाहत्तर किलोचा दाब माझ्या डोळ्यांसमोर सोसला तर विजयादशमीच्या पहाटे राखेचा पहिला घाणा घालतो आणि रोज वीस लॉऱ्या कोरडी राख उचलतो. नाही तर पुढची विजयादशमी. नवं काम ते दुसऱ्या कुठल्याच दिवशी सुरू करत नसत.

पुढची विजयादशमी म्हणजे आणखी एक वर्ष. ती नोकरी करत होती त्या वीजकेंद्रातल्या कोळशाची राख पाण्यात कालवून नळाने तळ्यात जाई, आणि नळ फुटला की खाडीत. ऑगस्टमध्ये तिने पाहिलं होतं: तोंडात टोपली धरून खाडीत कोळंबी चाचपणाऱ्या बायका. पाणी कमरेपर्यंत, त्यात राख घोट्याच्या वर. एकीने मूठ उघडून दाखवली होती. नुसता करडा चिखल.

सुई: ०. राममूर्ती आले.

लुंगीसारखी पांढरी वेष्टी, तिच्याहून पांढऱ्या मिशा. शेजारच्या शेडमध्ये त्यांची लॉरी पूजेला उभी होती, तिथूनच आले. हार घातलेलं यंत्र पाहिलं, हात जोडले, मग विद्युलताकडे बघून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले आणि पोट हलवत हसले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात," तुकोजी चाचरले, "राखेने भांडी घासावी. घरे बांधू नयेत."

"त्यांना म्हणावं, थांबा!"

थांबा म्हणाली खरी. पण कशासाठी, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सुई नाही. लॉरी.

बाहेर हॉर्न वाजला. लॉरीच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, टपावर झेंडूच्या माळा, आणि उद्याच्या पहिल्या फेरीसाठी कालच भरून ठेवलेल्या लाल विटा. ड्रायव्हर वाकून चाकांखाली लिंबं ठेवत होता.

"हिला आज हात लावलेला चालतो?"

"लिंबे चिरडावयास चालते. चिरडली की मोकळी."

"वजन?"

"कशाचे? लिंबाचे?"

"लॉरीचं हो, तुकोजीराव!"

ती धावली. वजनकाट्याची पावती ड्रायव्हरच्या खिशातच होती. खडू सापडेना, मग शेडच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने:

भरलेली लॉरी, १२ टन
मागचा आख, ८
एका बाजूची जोडचाकं, ४
म्हणजे ४००० किलो
ठोकळ्याचं तोंड ५० चौरस सेंटीमीटर
४००० ÷ ५० =

"ऐंशी!" ती ओरडली. "पाहिजेत पंचाहत्तर, मिळतात ऐंशी!"

राममूर्ती जवळ आले. आकडे वाचायला त्यांना दुभाषा लागत नव्हता. त्यांनी हसणं थांबवलं आणि वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली.

पहिला ठोकळा

चढउताराला फळ्या. मध्ये ठोकळा. वर जाड लोखंडी पाट. लिंबं फचक् करून फुटली, मागची चाकं फळीवर चढली, पाटावर आली, आणि कड्!

भुगा.

जमलेले क्लीनर "ओऽऽ" म्हणाले. राममूर्तींनी वेष्टी खाली सोडली. पण विद्युलताने गुडघ्यांवर बसून भुगा चाळला आणि तिचे डोळे चमकले.

"कोपरा! आधी कोपरा गेलाय, बघा. पाट तिरका बसला. यंत्रात आपण वरखाली प्लायवुड घालतो, ते विसरले मी! तुकोजीराव, प्लायवुड!"

"ते आत, पूजेत."

"प्लायवुड हत्यार आहे का?"

तुकोजींनी आभाळाकडे पाहिलं. मग यंत्राकडे. चाळीस वर्षं नवमीला त्यांनी टाचणीसुद्धा उचलली नव्हती.

"करवत हत्यार," ते सावकाश म्हणाले. "करवतीने कापलेले ते… लाकूड." आणि धोतर सावरत असे पळाले की चप्पल दारातच राहिली.

दुसरा

प्लायवुड, ठोकळा, प्लायवुड, पाट. तिने तळहाताने समतल पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"सावकाश, हं! मुंगी चालते तसं!"

चाक चढलं. पाटावर आलं. प्लायवुड कुरकुरलं.

काही नाही.

ती पालथी पडून पाटाखाली बघत होती, गालाला मुरूम टोचत होता. तडा? नाही. खपली? नाही.

"निरुत्तु!" राममूर्ती गरजले. थांबव.

"तशीच उभी करा म्हणतात," तुकोजी धापा टाकत म्हणाले. "भिंत काय पळत जात नाही, उभी राहते, म्हणतात."

लॉरी उभी राहिली. पाच मिनिटं. तुकोजींनी केळीचं पान बाहेर आणलं, सगळ्यांनी उभ्याउभ्या चुरमुरे खाल्ले. दहा मिनिटं. एका क्लीनरने पैज लावली, दुसरा जिंकला. पंधरा. लॉरी मागे घेतली. राममूर्तींनी ठोकळा स्वतः उचलला, नखाने खरवडला, कानाशी धरून बोटाने वाजवला आणि म्हणाले ते विद्युलताला दुभाष्याशिवाय कळलं. किती वाजता राख मिळेल?

"आत्ता! शिफ्टला माणसं आहेत, वीज काही आज झोपत नाही! पण लॉरी रिकामी हवी!"

राममूर्तींनी लॉरीभर लाल विटांकडे पाहिलं. उद्याच्या गिऱ्हाइकाच्या होत्या त्या. त्यांनी अंगातला सदरा काढून लॉरीच्या आरशावर टांगला आणि मागच्या फळीची खीळ ओढली.

मग रांगच लागली. क्लीनर वर, राममूर्ती खाली, मग तुकोजी एका चपलेनिशी, मग ती. दोन-दोन विटा हातातून हातात, शेडच्या भिंतीपाशी.

"पडू देऊ नये, अम्मा, विटा चांगल्या आहेत!"

"तुम्ही आधी नीट फेका!" ती हसत ओरडली आणि पुढची जोडी छातीशी झेलली.