पाय टेकवून घेतलेलं माप

घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे छोटी म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याला पुढचं काही दिसलं नव्हतं, हे उघड आहे. छोटी अंगापिंडाने चांगली भरलेली होती. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायला असंच माणूस लागतं. पण ती जनावरांची डॉक्टर झाली तरी दादाच्या तोंडचं "रणगाडा आला, रस्ता सोडा" काही सुटलं नव्हतं. दादाचं गॅरेज घराखालीच होतं आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

सोमवारी तिला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. गोठ्यागोठ्यांवर फिरायचं, तेव्हा स्वतःची गाडी हवीच, अशी अट होती. दादाने एक जुनी मोटरसायकल घेऊन तिच्यासाठी नव्यासारखी केली, मागचे शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगाही, तिच्या वजनाला लावून दिले. आणि आज ती घाटातून परतली ती तोंड पाडून. खड्ड्यात गाडी मागून आपटत होती, वळणावर स्टँड घासत होता आणि हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडत होता.

"मी नाही झेपत रे गाडीला," ती म्हणाली. "जमणार नाही म्हणून कळवून टाकते."

एरवी दादाने यावर एखादा टोमणा ठेवून दिला असता. आज तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसून राहिला. "माप घेतलं तेव्हा तर बरोबर होतं. स्प्रिंगच मेलेली असणार. मीच नीट बघितली नाही."

पाना घेऊन तो स्वतःच्या गाडीकडे वळला. ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. मागे बसायचं तर वहिनीलासुद्धा चपला झटकून घ्याव्या लागत. छोटीच्या गाडीला बसवायला त्या गाडीचेच शॉक तो सोडवायला लागला.

स्प्रिंग धडधाकट होती, आणि हे एकट्या छोटीला ठाऊक होतं.

माप घेतलं त्या दिवशी गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती. आईने हँडल धरलेलं, दादा मागे टेप लावून बसलेला. चाकाच्या नटापासून सीटखालच्या बोल्टपर्यंत मोजायचं, आधी रिकामी गाडी, मग माणूस बसल्यावर. जास्त दबली तर स्प्रिंगचं कडं आवळायचं. छोटी बसली खरी, पण दोन्ही चवडे जमिनीत रोवून, मांड्या थरथरेपर्यंत निम्मं अंग तिने तोलून धरलं. गाडी जेमतेम दबली. "वा, बारीक झालीस की," दादा खूश होऊन म्हणाला होता.

"दादा, थांब. तुझे शॉक काढू नकोस. त्या दिवशी मी पूर्ण बसलेच नव्हते. पाय टेकवून वजन धरलं होतं."

"का गं?"

"तू आकडा मोठ्याने वाचतोस."

दादाने बोल्टवरचा पाना काढून घेतला.

मग तो उठला, शटर अर्धं खाली ओढलं आणि आईला हाक मारली.

"बॅग घे पाठीला, औषधांसकट. आता बस. पाय वर घे आणि दे टाकून सगळं वजन."

छोटीने पाय उचलून फूटरेस्टवर ठेवले. गाडी खाली गेली, आणखी खाली गेली. तिने डोळे गच्च मिटले. मागे टेप सर्रकन आत गेला, पण आकडा कुणी वाचला नाही. मग पाना फिरला, एक खाच, दुसरी, तिसरी. पलीकडच्या बाजूलाही तितक्याच. पुन्हा टेप लागला.

"किती आलं रे?" आईने विचारलं.

"बरोबर आलं," दादा म्हणाला.

संध्याकाळी ती घाट चढून उतरून आली तेव्हा उजेड सरळ रस्त्यावर होता आणि चेहराही तसाच उजळलेला. गॅरेजात बसलेलं एक काटकुळं गिऱ्हाईक कौतुकाने पुढे झालं. "डॉक्टर, मी मारू का एक चक्कर?"

"हात लावायचा नाही," दादा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "ती माझ्या बहिणीच्या वजनाला लावलीय. तुम्हाला पहिल्याच खड्ड्यात फेकून देईल."

सगळ्या गल्लीने ते ऐकलं. छोटीनेही ऐकलं, आणि गाडीवरून उतरायची तिने मुळीच घाई केली नाही.