दलदलीतली मोजपट्टी

माझ्या अंगावर शून्यापासून दोनशेपर्यंत आकडे आहेत, मित्रांनो. निम्मे आता मातीत गेलेत. मी पाण्याची उंची सांगणारी जुनी मोजपट्टी. पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि गावाच्या वरच्या अंगाला, एका दलदलीत, मला खांबावर ठोकलं.

दलदल दिसायला ओंगळ. डास, शेवाळ, वास. लोक नाकाला रुमाल लावून जात. रमायची फक्त एक बाई. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून यायची, म्हणून गुराखी तिला बूटवाली ताई म्हणत. नदीच्या पाणलोटातल्या अकरा पाणथळ जागा ती तपासत होती. कोणती पूर अडवते, कोणती गाळ धरते, कोणती पक्ष्यांना आसरा देते. दोन वर्षं तिनं माझे आकडे टिपले. मुसळधार पावसात पाणी माझ्या गळ्याशी यायचं आणि आठ-नऊ दिवसांत सावकाश उतरायचं.

"शाबास गं!" म्हणत ती माझ्यावरचा चिखल पुसायची. तेवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

एकदा तिचे साहेब आले. काठावरच थांबले.

"साहेब, पूर थोपवण्यात हिचा पहिला नंबर आहे. खालच्या वस्तीत माझी आत्या राहते. सगळी वस्ती हिच्या भरवशावर आहे."

"अगं, पण जपायला तीनच जागा निवडायच्यात. मोठ्या तळ्यावर निदान बदकं तरी आहेत. इथं लोकांना काय दाखवू? डास?"

"हे आकडे दाखवा ना!"

"आकडे बघायला कोण येतंय?"

यादीत आमचा नंबर लागला नाही. मग दलदल बुजवायला मातीचे डंपर आले. भराव माझ्या कमरेपर्यंत चढला. मला ना हलता येत होतं, ना ओरडता.

पुढच्या मोठ्या पावसाचं पाणी इथं थांबलंच नाही. थेट खाली धावलं. तिसऱ्या दिवशी ताई आली आणि माझा खांब धरून मटकन बसली. आत्याचं घर बुडालं होतं. म्हातारी माळ्यावर चढून वाचली, पण धसक्यानं तिची वाचा गेली होती.

"मी आणखी भांडायला हवं होतं गं," ताई म्हणाली.

ती भांडली होती. मी ऐकलं होतं. पण तेवढंही मला तिला सांगता आलं नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. तुमच्या गावाच्या वर एखादी ओंगळ दलदल असेल, तर ती बुजवण्याआधी मोठ्यांना एवढंच विचारा, इथलं पाणी मग कुणाच्या घरात राहायला जाईल?