खडी फोडणाऱ्यांचं गाणं

‘माझ्या आईच्या हातात हातोडा होता, पण खरा घाव तोंडाचा बसायचा गं!’ आजीचा हा आवाज शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या कानात लहानपणापासून मुरलेला होता.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाचकमंडळ जमलं होतं. या महिन्याची कादंबरी परक्या राजवटीची होती. तिच्यात डोंगरातला रस्ता होता, घोड्यावरचा साहेब होता, आणि एका ओळीपुरत्या ‘मुकाट्याने खडी फोडणाऱ्या बाया’ होत्या.

“बिचाऱ्या! तोंडातून ब्र नाही,” निवृत्त मास्तर हळहळले.

“तुमच्यापुढे आम्हाला तरी कुठे काढता येतो?” औषधाच्या दुकानातल्या वहिनींनी टोमणा हाणला. सगळे हसले.

ताई हसल्या नाहीत. चार वर्षं त्या इथे येत होत्या, पण घराण्याचा विषय निघाला की मान खाली घालत. खडी फोडणाऱ्यांची म्हणून कुणी खुर्ची लांब सरकवली तर? आज मात्र तो ‘मुकाट्याने’ शब्द त्यांना सहन झाला नाही. टेबलावर बोटांनी ठेका धरून त्या गाऊ लागल्या:

“टोपीखाली डोकं नाही, नुसती हवा भरली गं,
रस्ता आम्ही बांधला बाई, पाटी त्याची लागली गं!”

गाणं थांबवून त्या म्हणाल्या, “साहेबाला मराठी कुठे कळायचं! त्याला वाटायचं, आपलीच स्तुती चाललीय. खुशाल मान डोलवायचा!”

खोलीत हशा उसळला. मास्तरांनी चष्मा काढला. “कुठल्या पुस्तकात आहे हे?”

“पुस्तकात नाही, मास्तर,” ताई ताठ बसून म्हणाल्या. “माझ्या पणजीनं रचलंय. खडी फोडायची ती.”