जावयाची तक्रार

घाटाच्या पायथ्याशी गॅरेज टाकलं की गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. वर जाणाऱ्या गाड्या इंजिन तापवून परत येतात आणि खाली येणाऱ्या ब्रेक तापवून. मिस्त्रींनी हे तरुणपणीच ओळखलं होतं. दोन मोठ्या पिकअप शेजारीशेजारी उभ्या राहतील एवढी पत्र्याची शेड, मागे काढलेल्या सामानाचा ढीग, पुढे तेलानं काळी पडलेली जमीन, एवढाच पसारा. पण ब्रेकच्या कामाला लोक लांबून त्यांच्याकडे येत.

त्याला कारण होतं. मिस्त्रींचा एक नियम होता. ज्यानं ब्रेक उघडले, त्यानं माल भरलेल्या गाडीच्या पहिल्या उतारावर ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. "माझी चूक असेल तर आधी माझं नाक फुटू दे," असं ते म्हणत. गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी चढउतार कमी करा म्हणून सांगितलं, तरी नियम मोडला नाही. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की कुणी विषय काढला नाही तर ते स्वतःच काढत.

जावयाशी मात्र ते फारसे बोलत नसत. भांडण नव्हतं. मुलीनं स्वतः पसंत केलेला मुलगा होता, कष्टाळू होता, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. फक्त तो ड्रायव्हर होता, आणि घाटातून कसे कसे ड्रायव्हर खाली आले हे मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिलेलं. मुलगी त्या धंद्यात द्यायची नाही, असं ते लग्नाआधी एकदा मोठ्यानं बोलून गेले होते. लग्न झालं, बोललेलं मात्र दोघांच्या मनात राहून गेलं. तेव्हापासून सासरा जावयाला "या, बसा, चहा घ्या" म्हणे आणि जावई सासऱ्याला "मामा, तब्येत कशी आहे" विचारी. बाकीचं बोलणं मुलीच्या तोंडून इकडून तिकडे जाई.

जावयाची पिकअप दणकट होती. मोठं डिझेल इंजिन, मागे दुहेरी चाकं. पठारावरच्या खाणीतून फरश्या भरायच्या आणि घाट उतरून गावात टाकायच्या, हा रोजचा धंदा. गाडीला एकच खोड होती. धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या आधी जो फिल्टर असतो, तो सारखा तुंबायचा. असा फिल्टर मोकळ्या रस्त्यावर तासभर वेगात पळवला की आतली काजळी आपोआप जळते. पण खाण ते गाव, गाव ते खाण करणाऱ्या गाडीला मोकळा रस्ता कुठला? मग पिवळा दिवा लागायचा, इंजिन रुसून बसायचं आणि भर चढावर गाडी बैलगाडीच्या चालीनं चालायची. खाणीवरचे लोक त्याला कासव म्हणू लागले.

मुलीनं वडिलांच्या कानावर घातलं. मिस्त्रींनी फार विचार केला नाही. फिल्टर काढला, त्या जागी सरळ नळी बसवली, आणि शहरातून एक लॅपटॉपवाला बोलावून गाडीच्या मेंदूला फिल्टर विसरायला लावलं. कायद्यात बसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. "धूर काय, हवेत जातो," म्हणाले. गाडी तीरासारखी पळायला लागली. मुलीच्या दोरीवरचे पांढरे कपडे करडे होऊ लागले, तेवढं सोडलं तर घरात आनंद होता.

त्या वेळी मिस्त्री पहिल्या उतारावर शेजारी बसले नाहीत. का बसतील? ब्रेकला हात लावला नव्हता. ते नळीचं काम होतं.

महिना-दीड महिना गेला असेल. एका सकाळी डेअरीवाली बाई त्याच बनावटीची पिकअप घेऊन आली. दुधाचे कॅन वाहणारी, तोंडानं फटकळ, पण गाडीला जीव लावणारी.

"मिस्त्री, ही उतारावर धरत नाही. ब्रेकवर उभी राहिले तेव्हा कुठे थांबली."

मिस्त्रींनी चाकं काढली. पॅड ठीक, पाइप ठीक, तेल ठीक. मग ते आत बसले आणि एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. जड गाड्यांना ही सोय असते: धुराच्या वाटेतच अडसर पडतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, म्हणजे पायाचे ब्रेक तापत नाहीत. बटणावरचा दिवा लागला नाही. परत दाबलं. नाहीच.

"गाडीला काही केलंय का मध्ये?"

"भाच्यानं तो काजळीचा डबा काढून दिला. बाकी काही नाही."

मिस्त्री गाडीतून उतरले, शेडच्या मागे गेले आणि लॅपटॉपवाल्याला फोन लावला.

"फिल्टर काढल्यावर एक्झॉस्ट ब्रेक जातो काय?"

"काही गाड्यांत जातो. दोन्हींचा प्रोग्रॅम एकच असतो ना. तुमच्या जावयाच्या गाडीतही गेलाच असेल."

"मग तेव्हा बोलला नाहीस ते?"

"तुम्ही विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुम्ही ब्रेकवाले."

मिस्त्रींनी तो फोन कापून लगेच जावयाला फोन लावला. खाणीवर फोन लागत नाही हे माहीत असूनही चार वेळा लावला. मग मुलीला लावला. ती म्हणाली, ते पहाटेच वर गेलेत, आज मोठा माल आहे, जाड फरशी. आणि मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, हल्ली घरी येतात तेव्हा गाडीला जळका वास येतो. मी म्हटलं बाबांना सांगते, तर नको म्हणाले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणाले."

डेअरीवाल्या बाईला "बसा, आलोच" म्हणून मिस्त्रींनी आपली जुनी जीप काढली. बाई काय बसते? तिनं मागून विचारलं, "माझ्या गाडीचं काय?" तोवर जीप रस्त्याला लागली होती.

घाट चढताना मिस्त्री प्रत्येक वळणावर आधी दरीकडे बघत, मग रस्त्याकडे. तुटलेला कठडा दिसला की पाय ब्रेकवर जायचा, मग आठवायचं, हा जुनाच तुटलेला आहे. समोरून एक गाडी आली, ती दुसऱ्याच कुणाची. त्यांनी आयुष्यात कधी देवाशी घासाघीस केली नव्हती, त्या दिवशी केली.

अर्ध्या घाटात एक रुंद वळण आहे. तिथे जावयाची पिकअप उभी होती. चाकांपुढे दगड लावलेले, मागच्या चाकांतून निळसर धूर निघतोय, मागे हौद्यात फरश्यांची चळत. आणि जावई सावलीला बसून थर्मासमधला चहा पितोय. सासऱ्याला पाहून तो गडबडून उठला आणि त्यानं आधी कप लपवला.

"मामा? तुम्ही इकडे कसे? तब्येत बरी आहे ना?"

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्या भांड्यासकट उकळायला लागला.

"हे रोज होतं?"

"काय?"

"हे. धूर."

"भरलेली असली की होतं. मी इथे थांबतो, गार करतो, मग पुढे जातो. सवय झालीय."

"आणि पुढचा उतार तर याहून कडक आहे."

"हो. तिथे मग पहिला गिअर, आणि..." तो थांबला. "आणि जपून."

"पेडल मऊ पडतं?"

जावयानं मान खाली घातली. "कधी कधी. दोनदा पार खाली गेलं होतं. पंप केलं की येतं."

"अरे गाढवा, मग बोलला का नाहीस?"

चार वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यानं जावयाला अरेतुरे केलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं, पण दोघांनीही तसं दाखवलं नाही.

"तुम्ही केलेलं काम," जावई म्हणाला. "सगळं खोरं तुमच्या हाताला मानतं. मी काय सांगणार? मला वाटलं, फिल्टर काढल्यावर गाडी अशीच चालत असेल. किंवा माझंच चुकत असेल."

"तुझं काय चुकेल?"

जावयानं थर्मासचं झाकण घट्ट केलं, परत सैल केलं.

"मामा, खरं सांगू का? तुम्ही सगळ्यांच्या गाडीत पहिल्या उताराला बसता. माझ्या गाडीत नाही बसलात. मी त्या दिवशी पायथ्याशी उगाच थांबलो होतो थोडा वेळ. तुम्ही आला नाहीत. म्हटलं, यांना माझ्या शेजारी बसायचं नाही. मग कुठल्या तोंडानं तक्रार करायची?"

ब्रेकचं काम नव्हतं, नळीचं होतं, म्हणून नियम लागू नव्हता, हे उत्तर मिस्त्रींकडे तयार होतं. सकाळी त्यांना स्वतःलाही ते पटलं असतं. पण समोर चाकं धुमसत होती आणि बाजूला दरी होती. ते उत्तर तोंडातून बाहेर पडायला लाजलं. त्यांना खूप वाईट वाटलं. जावयाचं कमी आणि स्वतःचं जास्त, आणि तसं आहे हे कळल्यामुळे आणखी वाईट.

"एक्झॉस्ट ब्रेक मेलाय तुझा," ते म्हणाले. "फिल्टर काढला तेव्हाच मेला. मी मारला. मला आज सकाळी कळलं."

जावयानं नुसतं "हं" म्हटलं.

"अर्ध्या फरश्या इथे उतरवायच्या."

"मामा, मालक वाट बघतोय."

"बघू दे. मालकाला सांग, सासऱ्याला वेड लागलंय."

पहिल्या फरशीला मिस्त्रींनी हात घातला आणि पाठीत कळ आली. जावयानं ती फरशी त्यांच्या हातून काढून घेतली आणि त्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मग एक टोक त्यानं धरलं, एक यांनी. वळणावर फरश्यांचा ढीग लागला, येणारेजाणारे वाकून बघायला लागले. चाकं हात लावण्याइतकी गार झाल्यावर मिस्त्री जीप तिथेच ठेवून पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी चढले. पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत, चाकं गार करत ते उतरले. वाटेत पेडल एकदा मऊ पडलं. जावयानं सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्याचे दोन्ही पाय आपोआप पुढे दाबले गेले होते, तिथे पेडल नव्हतं तरी.

काढलेला फिल्टर शेडच्या मागे ढिगात पडला होता. मिस्त्रींनी तो शोधून काढला, साफ करवून आणला, आणि लॅपटॉपवाल्याला बोलावून गाडीचा जुना प्रोग्रॅम परत घालून घेतला. लोकांना भारी गंमत वाटली. फिल्टर काढून मागणारे खूप असतात, काढलेला परत बसवणारा हा पहिलाच. डेअरीवाल्या बाईच्या भाच्यालाही तोच डबा परत आणून द्यावा लागला, आणि बाईनं त्याला जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पिवळ्या दिव्यावर उपाय साधा होता: सुट्टीच्या दिवशी रिकामी गाडी घेऊन महामार्गावर तासभर पळवून यायची, म्हणजे काजळी जळते. जावई एकटा जाणार होता. मुलगी म्हणाली, मीही येते. मग ते दर सुट्टीला फिल्टर साफ करायला म्हणून जाऊ लागले आणि संध्याकाळ उलटून गेल्यावर परत येऊ लागले. एवढी काजळी कुठून येते, असं मिस्त्रींनी एकदा बायकोला विचारलं. तिनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

गाडी ठीक झाली, पण मिस्त्रींच्या मनातली भीती जाईना. गाडीचं काय, ती परत बिघडेल. गाड्या बिघडायलाच असतात. हा पोरगा परत गप्प बसला तर? सासऱ्याचा मान राखत राखत एखाद्या दिवशी तो कठड्यापलीकडे जाईल आणि मुलगी दारात उभी राहील. त्यांनी जावयाला समोर बसवून सांगितलं, काही असेल तर बोलत जा. जावई "हो मामा" म्हणाला. त्याच आवाजात, ज्यात तो तब्येत विचारायचा.

मग एके दिवशी भर दुपारी गॅरेज गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना जावयाची पिकअप येऊन उभी राहिली. दोनच दिवसांपूर्वी मिस्त्रींनी तिचे पुढचे पॅड बदलले होते आणि भरल्या गाडीत शेजारी बसून घाटही उतरले होते. जावई खाली उतरला. मिस्त्री दोन ड्रायव्हरांना आपला नियम समजावून सांगत होते.

"मामा," जावई सगळ्यांसमोर म्हणाला, "ब्रेक नीट झालेले नाहीत. डावीकडे ओढते."

दोन्ही ड्रायव्हर मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या शेडमध्ये उभं राहून असं कुणी बोललं नव्हतं, आणि आता बोललं ते कोण, तर घरचा जावई. "परवा तर सरळ चालत होती," असं ते म्हणालेही, जरा चढ्या आवाजात.

"परवा चालत होती. आज ओढते," जावई म्हणाला. त्यानं मान खाली घातली नव्हती.

मिस्त्रींनी चावी मागितली. चाक काढलं. पॅड दाबणाऱ्या उजव्या कॅलिपरची एक पिन कोरडी होती, अडकत होती, म्हणून उजवं चाक कमी धरत होतं. ग्रीस लावायचं राहून गेलं होतं. त्यांनी पिन बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "ग्रीस राहिलं."

मिस्त्रींनी पिन ग्रीसमध्ये घोळवली, जागेवर बसवली, चाक चढवलं. मग हात पुसत जावयाकडे वळले.

"अजून काही?"

"आहे," जावई म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.